परत घेतलेली पानं

गुरुजी पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते एका कागदाची झेरॉक्स मोठी करून घ्यायला. दोन हजार साल उलटून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. चंद्रपुरात कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक जुनं झेरॉक्स मशीन आणि दोन टाईपरायटर. टाईपरायटरवर आता कोणी काही टाईप करून मागत नव्हतं, पण अब्बा ते विकू देत नव्हते. अर्ज, शपथपत्रं, शाळांचे पेपर, लग्नपत्रिका असं सगळं मी टाईप करायची. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता आणि सुटीच्या दिवशी घरी यायचा. मी दुकानासाठी अब्बांकडेच राहत होते.

गुरुजी पोंभुर्ण्याहून एसटीने आले होते. सत्तरीच्या जवळ आलेले, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याच्या काचा जाड. त्यांनी आयुष्यभर मिशनच्या शाळेत शिकवलं होतं आणि चर्चमध्ये पाळक म्हणून काम केलं होतं, हे मला नंतर कळलं. पोंभुर्ण्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच त्यांना गुरुजी म्हणत.

"बाई, हे जेवढं मोठं होते तेवढं करून द्या जी," ते म्हणाले आणि कागद पुढे केला.

एका जुन्या पानाचा फोटो होता तो. पान कातड्याचं असावं, कडेला कुरतडल्यासारखं. त्यावर काळी, चौकोनी, ठसठशीत अक्षरं. मला त्यातलं एकही ओळखू आलं नाही. तरी मी सवयीने ओळीच्या उजव्या टोकापासून डावीकडे नजर फिरवली. गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी उजवीकडून पाहून राह्यल्या. हिब्रू येते का तुमाले?"

"नाही गुरुजी. उर्दू येते."

"हिब्रूही तशीच जाते, उजवीकडून."

मग ते बाकावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. यहुदी लोकांचा एक फार जुना काव्यग्रंथ होता, चर्चमध्येही म्हटला जाणारा. शेकडो वर्षं वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी तो हाताने उतरवून घेतला. त्या प्रती आज जगभरच्या ग्रंथालयांत पडल्या आहेत आणि कोणत्याही दोन प्रती तंतोतंत जुळत नाहीत. परदेशातल्या एका विद्यापीठातले लोक त्या सगळ्या प्रती अक्षरन् अक्षर कॉम्प्युटरवर उतरवत होते. सगळ्या शेजारी शेजारी ठेवून कोणता शब्द कुठे बदलला हे पाहता यावं, म्हणून. काम इतकं मोठं की त्यांनी जगभरातून लोक मागितले होते, बिनपगारी. प्रत्येक पान दोन माणसं वेगवेगळी उतरवत, एकमेकांना न पाहता. मग दोन्ही जुळवून पाहिली जात. गुरुजी तरुणपणी ज्यांच्याकडे हिब्रू शिकले होते, त्या परदेशी शिक्षकांनी मरण्याआधी गुरुजींचं नाव तिकडे कळवलं होतं. तीन वर्षं झाली, गुरुजी पानं हाताने उतरवून रजिस्टर पोस्टाने पाठवत होते. आता तिकडच्या बाईंनी, म्हणजे या कामाच्या संपादिकेने, सीडीवर फोटो पाठवले होते आणि यापुढे उतारा ई-मेलनेच पाठवा असं कळवलं होतं.

"हे मोठं केलं की मले दिसन. मी सांगतो, तुमी टाईप करा," ते म्हणाले.

मी सीडी लावली आणि पान पडद्यावर इतकं मोठं केलं की एकेक अक्षर बोटाएवढं झालं. गुरुजी पडद्याला नाक लावून बसले. थोड्या वेळाने मागे सरकले.

"तुमीच शिकून घ्या. अक्षरं बावीसच आहेत," ते म्हणाले आणि म्हणू लागले, "आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ..."

मला हसू आलं. "पुढचं मी सांगू का? हे, वाव, झे. मग बडी हे, तोय, ये. मग काफ, लाम, मीम, नून."

गुरुजी पाहतच राहिले. त्यांना वाटलं मी मस्करी केली, हिब्रू मला येतच होती. पण ही आमच्या घरातली लहानपणची गोष्ट. अब्बा दुकानांचे बोर्ड रंगवत आणि कबरींवरचे दगडही कोरत. कधी कोणी दगडावर मृत्यूचं साल आकड्यांत न लिहिता शब्दांत बसवून मागे. त्या हिशेबात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. तो पाठ व्हावा म्हणून अब्बांनी आम्हा भावंडांकडून घोकून घेतलं होतं: अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत. हिब्रूच्या अक्षरांचा क्रम नेमका तोच निघाला. त्यांच्या ग च्या जागी आमचा ज, एवढाच काय तो फरक.

त्या संध्याकाळी मी घरी अब्बांना सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील आपल्याला काय करायचं. ते म्हणाले, "पैगंबरों की ज़बान है, बेटा. सीख ले. बुरा क्या है?"

अक्षरं आठ दिवसांत आली. टाईप करायला हिब्रू फॉन्ट लागत नव्हता. तिकडच्या लोकांनी प्रत्येक अक्षरासाठी इंग्रजी कीबोर्डवरची एक कळ ठरवून दिली होती. अडचण जुळ्या अक्षरांची होती. दालेथ आणि रेश दोन्ही वरून आडवी आणि उजवीकडून खाली उतरणारी. दालेथचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. पोरं घ आणि ध मध्ये गोंधळतात तसंच, फरक हा की इथे लिहिणाऱ्याची लेखणी बोथट झाली की तो कोपराही गोल व्हायचा. मी आधी ती प्रत उतरवणाऱ्या लेखकाचे दहा दालेथ आणि दहा रेश शोधून शेजारी शेजारी चिकटवायची आणि मगच पानाला हात लावायची.

पहिलं पान परीक्षेचं होतं. संपादिकाबाईंनी ते चौदा चुका दाखवून परत पाठवलं. अकरा चुका अक्षरं ओळखण्याच्या होत्या, त्या मला मान्य होत्या. तीन चुका मात्र वेगळ्या होत्या. लेखकाने तीन ठिकाणी एकच शब्द दोनदा लिहिला होता. मला वाटलं माझीच नजर घसरली, म्हणून मी तो एकदाच घेतला. बाईंनी कळवलं की पानावर जे आहे तेच पाहिजे, चुकलेलं असलं तरी चुकलेलंच. दिसत नसेल तिथे टिंब द्या, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह द्या, दुरुस्ती करू नका.

मी चिडले होते. अब्बांनी ऐकून घेतलं आणि स्वतःची एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. एका कबरीच्या दगडासाठी घरच्यांनी नाव लिहून चिठ्ठी दिली. अब्बांना नावाचं स्पेलिंग चुकीचं वाटलं, त्यांनी बरोबर करून कोरलं. घरचे आले आणि रडायला लागले. तो माणूस आयुष्यभर आपलं नाव तसंच लिहीत होता. अब्बांनी दुसरा दगड आणून पुन्हा कोरून दिला. "तब से देख के लिखता हूँ," ते म्हणाले, "समझ के नहीं."

मी ते पान पुन्हा केलं. ते पास झालं.

मग काम मार्गी लागलं. गुरुजी दर मंगळवारी यायचे. मी आठवडाभरात केलेली पानं त्यांना अक्षर अक्षर वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे. दुकानात आलेले लोक पडद्याकडे पाहून विचारायचे, "हे काय जी, उर्दू का?" मी म्हणायची, इब्रानी; हिब्रूला उर्दूत तसंच म्हणतात. ते मान डोलवून अर्जाचा कागद पुढे करायचे. नवऱ्याला हे पटत नव्हतं. सुटीला आला की म्हणायचा, "दिवसभर लोकायचं टाईप करतेस, वरून हे फुकटात काऊन?" कोर्टाच्या कागदात मी टाईप केलेलं कोण वाचतं, कोण नाही, कधी कळायचं नाही. इथे एका अक्षरासाठी दूरदेशातली बाई पत्र लिहून भांडत होती. मला ते आवडायचं.

वर्ष सरलं असेल, तेव्हा बाईंनी गुरुजींची जुनी हाताने लिहिलेली पानं झेरॉक्स करून, त्यांच्या मूळ फोटोंच्या सीडीसह, परत पाठवली आणि कळवलं की जमलं तर हीही टाईप करून द्या, म्हणजे सगळं एकसारखं होईल. नव्वदच्या वर पानं होती. गुरुजींचं अक्षर सुंदर, पण काही शब्द पोस्टाच्या ओलाव्याने पसरले होते. अशाच एका पसरलेल्या शब्दासाठी मी सीडीवरचं मूळ पान उघडलं. तो शब्द मूळ पानावर सापडेना. मी ओळ मोजली, पुन्हा मोजली. शब्दच काय, मूळ पानावर ती अख्खी ओळ नव्हती. लेखकाच्या डोळ्यापुढे एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळी असाव्यात. पहिली लिहून त्याची नजर दुसरीच्या शेवटावर गेली आणि मधली गळली. गुरुजींच्या कागदावर ती ओळ नीट, जागच्या जागी होती.

मी दुसरं पान काढलं. तिथे लेखकाने एक शब्द चुकीचा लिहिला होता, गुरुजींचा शब्द बरोबर होता. तिसऱ्या पानावर भोक होतं, तीन शब्द किडीने खाल्लेले. गुरुजींच्या कागदावर तिन्ही शब्द होते. त्या दिवशी मी दुकान बंद करेपर्यंत पंधरा पानं पाहिली. सुरुवातीची सात-आठ चोख होती. नंतर नंतर मूळ पान एक सांगत होतं आणि गुरुजी दुसरं.

आठवडाभर मी कोणाला बोलले नाही. मंगळवारी गुरुजी आले, पाणी प्यायले, बाकावर बसले. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले, मूळ पानाचा मोठा केलेला कागद आणि त्यांचा.

"गुरुजी, तुम्ही लिहिलेली ही ओळ मूळ पानावर नाही."

"कशी नाई? ती ओळ आहेच तिथी."

"ग्रंथात असेल. या पानावर नाही. आणि हे एकच पान नाही."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "बाई, चाळीस वर्षं मी हा ग्रंथ शिकवला. मले तोंडपाठ आहे. तुमाले यातला एक शब्द समजत नाई, अन् तुमी मले सांगून राह्यल्या?"

"समजत नाही गुरुजी. म्हणूनच मला दुसरं काही सुचत नाही. जे दिसतं तेवढंच दिसतं."

ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि उन्हात निघून गेले. छत्री बाकावर राहिली.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या हातचं काम मी काढून घेतलं. मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? तिकडे दुसऱ्या कोणी तेच पान उतरवलं असेलच, जुळवताना त्यांना फरक दिसेलच. पण मग वाटलं, गुरुजींना हे तिकडून पत्राने कळावं? तिसऱ्या मंगळवारी मी दुकानाला कुलूप लावलं, छत्री घेतली, कागदांची फाईल घेतली आणि पोंभुर्ण्याची बस पकडली.

मोहफुलांचे दिवस होते. गुरुजींच्या अंगणात चटईवर फुलं वाळत घातली होती, सगळीकडे तो गोड, आंबूस वास. गुरुजी घरापुढच्या सपरीत खाटेवर बसले होते. मी आल्याचं त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी समोर उभी होते तरी ते माझ्या खांद्याच्या बाजूला पाहत होते. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं.

सूनबाईने चहा आणला. गुरुजींनी कप हाताने चाचपून घेतला.

"नागपूरले डॉक्टरकडे गेलतो," ते म्हणाले. "पडदा खराब झाला म्हणे. ज्याच्याकडे सरळ पाहावं ते दिसत नाई, बाजूचं दिसते. हे आजचं नाई. तीन-चार वर्षं झाली असन."

"तेव्हा तुम्ही पानं कशी करत होता?"

गुरुजींनी चहाचा घोट घेतला.

"ओळीचा पयला शब्द दिसे. कधी शेवटचा. मधलं..." त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, मी खोटं नाई केलं. मले खरंच वाटत होतं मी वाचून राह्यलो. शब्द डोळ्यापुढे यायचे. आता समजलं ते कुठून येत होते."

मी म्हणाले, आपण एक पान करून पाहू. मी मूळ पानाचा कागद मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागले. गुरुजी ते जोडून शब्द म्हणत होते. सहाव्या ओळीपर्यंत बरोबर चाललं. सहाव्या ओळीच्या शेवटी मी श्वास घ्यायला थांबले आणि गुरुजी पुढची ओळ म्हणू लागले, न थांबता, चर्चमध्ये म्हणत तशी.

"गुरुजी, ती ओळ इथे नाही."

ते थांबले. त्यांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी तो अगदी डोळ्याजवळ नेला, मान वाकडी करून, नजरेच्या कडेने पाहायचा प्रयत्न केला. मग परत दिला.

"किती पानं खराब असन?"

"माहीत नाही. सुरुवातीची चांगली आहेत. पण कुठपासून बिघडली ते सांगता येत नाही."

"मंग सगळीच." ते खाटेवरून उतरले. "कागद काढा. पत्र लिवा."

त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी लिहून घेतलं. छोटंच पत्र होतं. माझी दृष्टी गेली आहे हे मला स्वतःला उशिरा कळलं, मी पाठवलेली सर्व पानं मी परत घेतो, त्यातली बरोबर वाटतील तीही वापरू नयेत. मी म्हणाले, गुरुजी, सुरुवातीची चांगली पानं तरी राहू द्या. त्यांनी मान हलवली. "बाई, चांगली कोणती, हे तुमी-मी ठरवावं तर त्यायनं आपल्यावर भरोसा काऊन ठेवावा? सगळी पुन्हा करू." मी त्यांच्याकडे पाहिलं. "हो जी, पुन्हा. डोळे तुमचे, पण मी बसतो."

पत्राला उत्तर यायला महिना लागला. बाईंनी लिहिलं होतं की पानं जुळवताना त्या अडचणीत होत्या खऱ्या. दुसऱ्या माणसाने उतरवलेलं आणि गुरुजींचं जुळत नव्हतं, आणि गुरुजींचं ज्ञान मोठं म्हणून त्यांनी काही ठिकाणी गुरुजींचंच धरलं होतं. आता तेही काढून टाकलं. पानं पुन्हा करायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच, अक्षरं मी एकटीने ओळखायची, गुरुजींनी मधे बोलायचं नाही. दुसरं कोणी असतं तर अपमान वाटला असता. गुरुजी म्हणाले, "बरोबर सांगते ती बाई."

पण न बोलणं त्यांना जमेना. मी चार अक्षरं वाचली की पाचवं त्यांच्या ओठावर यायचं. शेवटी त्यांनीच उपाय काढला. घरून लवंगा आणायचे आणि मी पान सुरू केलं की एक लवंग दातात धरून बसायचे. मी म्हणेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. पान पूर्ण झालं, फाईल बंद झाली, की लवंग काढून विचारायचे, "आता बोलू का?" मग शंकेच्या जागांवर बोलणं व्हायचं. इथे दालेथ म्हटलं तर काय अर्थ, रेश म्हटलं तर काय, दोन्ही आम्ही वेगळ्या टिपणात लिहून पाठवायचो. मूळ उताऱ्याला मात्र हात लावायचा नाही.

विजेने छळलं. रात्रंदिवस कोळसा जाळून वीज बनवणारं आमचं शहर, आणि दुकानात दिवसातून सहा-सहा तास अंधार. एका उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून कॉम्प्युटरची डिस्क जळाली आणि अकरा पानं गेली. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. गुरुजी आतून म्हणाले, "अकराच ना? नव्वद तर नाई." त्यांना विनोद करता येतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही अकरा पानं पुन्हा केली. नवरा सुटीवर आला, त्याने जळालेली डिस्क पाहिली. पुढच्या सुटीला येताना ट्रकची जुनी बॅटरी आणि एक इन्व्हर्टर घेऊन आला आणि दिवसभर घाम गाळत जोडून दिला. "आता थांबू नको," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने फुकटाचा विषय काढला नाही.

दोन वर्षं लागली. शेवटी शेवटी गुरुजींना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. शेजारचा कोणी माणूस त्यांना बसमध्ये बसवून द्यायचा, चंद्रपूरच्या स्टँडवरून मी आणायची. ते मंगळवार चुकवत नव्हते. मी दोनदा म्हणून पाहिलं की आता तुम्ही घरीच राहा, मी फोनवर सांगत जाईन. ते म्हणायचे, पाठवलेली पानं माझ्या नावाने गेली होती, परत करतानाही मी हजर पाहिजे.

शेवटचं पान राहिलं होतं. ग्रंथ संपल्यावर खाली लहान अक्षरांत पाच ओळी होत्या, लेखणी बदललेली. गुरुजींच्या जुन्या कागदावर तिथे फक्त एवढंच लिहिलं होतं की पुढचं वाचता येत नाही. मी पान पूर्ण केलं, त्या पाच ओळी सोडून. गुरुजींनी लवंग काढली.

"वाचा जी."

"गुरुजी, हे ग्रंथातलं नाही वाटत. असे शब्द आधी कुठे आले नाहीत."

त्यांचे हात मांडीवर स्थिर झाले. मी एकेक अक्षर वाचलं. या वेळी ते पुढे धावले नाहीत, धावायला त्यांच्याकडे काही नव्हतं. चार अक्षरं ऐकायचे, ओठात फिरवायचे, म्हणायचे, "पुन्हा." एका जागी मी रेश म्हणाले, ते म्हणाले शब्द होत नाही. मी लेखकाचे दहा दालेथ काढून पाहिले आणि रेशच राहिला. त्यांनी मान्य केलं. पाच ओळींना दोन मंगळवार लागले.

दुसऱ्या मंगळवारी त्यांनी मला अर्थ सांगितला. इतक्या वर्षांत ग्रंथाचा अर्थ मी कधी विचारला नव्हता आणि त्यांनी मुद्दाम सांगितला नव्हता. ज्या माणसाने ही प्रत उतरवली, त्याने शेवटी स्वतःबद्दल लिहिलं होतं. नावाचा अर्धा भाग किडीने खाल्लेला. गावाचं पहिलं अक्षर तेवढं दिसत होतं. हिवाळ्यात लिहायला बसलो, थंडीने बोटं वाकत नव्हती, काही चुकलं असेल तर वाचणाऱ्याने राग धरू नये, असं काहीसं. चंद्रपुरात तेव्हा मे महिना होता आणि पंख्याची हवा तोंडाला भाजत होती. गुरुजी हसले, मग डोळे पुसले.

"बिचारा," ते म्हणाले. "ओळ सुटली होती त्याची. त्याले माहीत होतं का नाई कोणास ठाऊक."

ते पान, पाच ओळींच्या टिपणासह, मी त्याच संध्याकाळी पाठवलं. बाईंचं उत्तर आलं ते त्या पाच ओळींबद्दलच. ज्या दुसऱ्या माणसाने हे पान उतरवलं होतं त्यानेही त्या ओळी अर्ध्यात सोडल्या होत्या. आमच्या टिपणावरून त्यांना पूर्ण वाचता आल्या.

काम इंटरनेटवर खुलं व्हायला आणखी वर्ष गेलं. त्याआधी बाईंनी कळवलं होतं की प्रत्येक पानाच्या खाली कोणी कधी काय केलं याची नोंद राहते. गुरुजींची पहिली पानं परत घेतल्याची नोंद नको असेल तर काढून टाकू. मी पोंभुर्ण्याला जाऊन त्यांना हे वाचून दाखवलं. ते खाटेवर पडूनच होते. "राहू द्या म्हणा," ते लगेच म्हणाले. "लपवायचं असतं तर पुन्हा कायले केलं असतं?"

खुलं झालं तेव्हा मी सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. आमची पानं एकामागून एक उघडली. गळलेल्या ओळीच्या जागी काहीच नव्हतं, एक ओळ संपून पुढची सुरू होत होती. खाली नोंद होती की पहिला उतारा करणाऱ्याने स्वतः मागे घेतला, दुसरा दोघांनी मिळून दिला. मी ती नोंद कागदावर लिहून घेतली, बाहेर येऊन एसटीडी बूथवरून गुरुजींच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांना बोलावून आणायला वेळ लागला. मी नोंद वाचून दाखवली.

"दुसऱ्या प्रतींची पानं उतरवायची शिल्लक आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"भरपूर आहेत, गुरुजी."

"मंग मागवा."